ताडपत्रीत झोपवणारा फर्स्ट एड कोर्स (माझे साडेतीन स्टार)

मे महिन्यात भोरजवळच्या एका फार्महाउसवर दोन दिवसांचा आउटडोअर फर्स्ट एडचा कोर्स केला. ट्रेकच्या ग्रुपवर तिघी-चौघींनी विचारलं कसा आहे म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकते. संस्थेचं नाव इथे देत नाही कारण थोडं रडगाणं पण गायचंय, ज्यांना पाहिजे त्यांनी पर्सनलवर विचारा. फी ४५०० रुपये, जेवणखाण धरून, राहायला डॉर्मिटरी, पंखे होते पण लाइट दोनदा गेली.

आता मी गेलेच का ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आम्ही तोरण्याला गेलो होतो, मी, ताई, भाऊजी आणि ऑफिसमधले चार जण. निघायला उशीर झाला आणि उतरताना बरोब्बर भर दुपारी वेल्ह्याच्या बाजूच्या उघड्या धारेवर सापडलो, एक झाड नाही. भाऊजी एकदम फिट माणूस, रोज सायकल मारणारा, आणि ते अचानक शिव्या द्यायला लागले. आमच्या घरात भाऊजींच्या तोंडून कुणी साधं "च्यायला" ऐकलेलं नाही, त्यामुळे सगळे हसलो. मग ते ताईला म्हणाले, "गाडी कुठे लावलीयस तू?" आम्ही स्वारगेटहून एसटीने आलो होतो! तरी आम्ही येडे, म्हटलं दमलेत, बसवून इलेक्ट्रल पाजलं, ते सगळं उलटलं, मग दोन्हीकडून धरून फरपटत खाली आणलं. अंगातून घाम नुसता वाहत होता म्हणून उष्माघात कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण शाळेपासून ऐकलेलं की उष्माघातात घाम बंद होतो आणि कातडी कोरडी पडते. पहिल्या घरापाशी एक मावशी कळशी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "आधी ह्याच्या अंगावर पानी वता, बाकीचं मागनं बघा." दोन कळशा ओतल्या, पदराने वारा घातला, पंधरावीस मिनिटांनी भाऊजींनी ताईला नावाने हाक मारली. नंतर दोन दिवस अ‍ॅडमिट होते आणि डॉक्टर म्हणाले त्या कळशांनी वाचवलं.

कोर्समधली पहिली सकाळ याच्यावरच होती आणि मला सारखं वाटत होतं की मॅडम आमचीच गोष्ट सांगतायत. शिकवायला दोघं होते, एक डॉक्टर मॅडम आणि एक मिलिटरीतून रिटायर झालेले सर. मॅडमचं म्हणणं एकच, की उन्हात कष्ट करणारा माणूस विचित्र वागायला लागला, बरळला, भांडायला लागला, झोकांड्या खायला लागला की तो उष्माघातच धरून चालायचं, घाम असो नसो. घाम थांबतो ते जास्त करून म्हाताऱ्या माणसांत, बंद खोलीत दोनतीन दिवस तापलेल्यांत. चालणाऱ्या, धावणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाला भरपूर घाम असू शकतो आणि आत टेंपरेचर ४० डिग्रीच्या वर गेलेलं असतं. काखेतला थर्मामीटर अशा वेळी कमी दाखवतो, त्याच्यावर विसंबायचं नाही. क्रोसिन द्यायची नाही, कारण हा ताप नाहीच, तापात मेंदू स्वतः टेंपरेचर वाढवून ठेवतो, इथे बाहेरची आणि स्नायूंची उष्णता शरीराला फेकताच येत नाहीये. खारघरचं उदाहरण दिलं, १६ एप्रिल २०२३, भर दुपारचा कार्यक्रम, १४ जण गेले, आणि पारा तर चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाचा काही उपयोग नाही. हे मुंबईकरांनी जरा लक्षात घ्या, सगळं ऊन विदर्भातच नसतं.

मग प्रॅक्टिकल. ताडपत्री घ्यायची, माणसाला मधे झोपवायचं, चौघांनी चार कडा वर धरायच्या म्हणजे झोळी होते, त्यात पाणी आणि बर्फ ओतायचा आणि पाणी हलवत राहायचं. पेशंट म्हणून मला आडवं केलं (सगळ्यात हलकी म्हणून असेल). पहिली बादली छातीवर आली तेव्हा श्वासच अडकला आणि मी जे ओरडले त्यावर सर म्हणाले, "ओरडतोय म्हणजे शुद्धीवर आहे, चांगलं आहे." डोकं वर धरायला एक माणूस वेगळा लागतो, नाहीतर नाकातोंडात पाणी जातं, हे व्हिडिओ बघून कधीच कळलं नसतं. बर्फ नसला तर ओढण्या, पंचे भिजवून अंगावर टाकायचे, सारखे बदलायचे आणि वारा घालायचा. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं, साधारण पहिल्या अर्ध्या तासातच काय ते करायचं. १०८ ला फोन तोवर दुसऱ्या कुणीतरी लावायचा. धड शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. इथे माझी मान खाली गेली, इलेक्ट्रल मीच पाजलं होतं.

एक नवीन कळलं, साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसून सोडियम उतरलेला माणूस पण असाच बरळतो, म्हणून "पाणी पी, पाणी पी" करत मागे लागणंही बरोबर नाही.

दुपारी साप-विंचू. हा भाग चांगला होता पण गुंडाळला, चार वाजता चहा आणि फोटोसेशन होतं ना! नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार माहीत होते. मण्यारीचं मात्र अंगावर काटा आला, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही फारसं, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात, घरचे म्हणतात अ‍ॅसिडिटी. आपण ट्रेकला देवळात, पडवीत असेच पसरतो की. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, हातपाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि थेट सरकारी हॉस्पिटल, कारण अँटीव्हेनम तिथे असतं. बॅचमधल्या एका काकांनी ऑनलाइन मागवलेला विष खेचायचा पंप आणला होता, सर म्हणाले सिंक तुंबलं की वापरा. काका संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

विंचवाला फक्त पाच मिनिटं, हे मला खटकलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कोकणातली किती माणसं वाचवली, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली, आणि महाराष्ट्रातल्या कोर्समध्ये त्यावर एक स्लाइड? घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या, मग फुप्फुसात पाणी, हे मी मधल्या वेळात मॅडमना गाठून विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वीज आणि गारठा. वीज पडलेल्या माणसाला हात लावला की शॉक बसतो हे साफ खोटं आहे, आणि तिथे एकापेक्षा जास्त जण पडले असतील तर जो निपचित आहे, श्वास घेत नाहीये, त्याच्याकडे आधी जायचं, सीपीआरने (छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन) तो परत येऊ शकतो, कण्हणारे थोडं थांबू शकतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप सगळ्यांना तिथेच डाउनलोड करायला लावलं, रेंजचा एक दांडा असल्याने त्यात अर्धा तास गेला. गारठ्याचं म्हणजे पावसाळ्यात भिजून वाऱ्यात बसलेला माणूस: ओले कपडे काढा, स्लीपिंग बॅगेत घाला, वरून प्लास्टिक गुंडाळा, एकदम फ्रँकी रोल. चोळायचं नाही, ब्रँडी तर अजिबात नाही (दोन चेहरे पडले).

तक्रारी अशा. हिमालयातल्या हाय अल्टिट्यूडवर दीड तास, फ्रॅक्चरवर दोन तास, आणि मधमाश्या प्रश्नोत्तरात उरकल्या, आपल्या गडांवर मधमाश्यांचा त्रास जास्त का हाडं मोडायचा, तुम्हीच सांगा. सीपीआरचा पुतळा ३० जणांत एक, माझ्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली. शेवटी १८०० चं किट विकायला काढलं त्यात बँडेज आणि कात्री, ताडपत्री नाहीच! मी रविवार पेठेतून वेगळी घेतली, सॅकच्या तळाशी असते.

जायचं असेल तर मेच्याच बॅचला जा, डिसेंबरच्या बॅचमध्ये ताडपत्रीचं नुसतं डेमो दाखवतात म्हणे. कपड्यांचे दोन जोड न्या. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, तीन मेल केल्या, उत्तर नाही, अर्धा स्टार त्याचा कापलाय, एक विंचवाचा.