स्क्रीनकास्ट की स्क्रीनशॉटची पुस्तिका?

कोडमधली चूक कशी शोधायची हे शिकवायचं असेल, तर मी डोळे झाकून स्क्रीनकास्टच्या, म्हणजे पडद्यावरची कृती बोलत-बोलत टिपलेल्या व्हिडिओच्या, बाजूने. कर्सर कुठे थांबला, शिक्षक कुठे अडखळले, कोणता संदेश वाचून त्यांनी वाट बदलली, हे छापील पायऱ्यांत उरतच नाही. शिवाय चित्र डोळ्यांसमोर आणि स्पष्टीकरण कानावर पडतं, त्यामुळे पाहणं आणि वाचणं यांची ओढाताण होत नाही. (बोललेलं प्रत्येक वाक्य पडद्यावरही लिहिणारे हा फायदा हातचा घालवतात.)

लांबीचं भान मात्र हवं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थ्यांना सर्वाधिक धरून ठेवतात, असं दिसलं. तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं रेकॉर्ड करून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

‘ते बटण नेमकं कुठे होतं?’ एवढाच प्रश्न असेल, तर पुस्तिका सरस. नजर फिरवली की सापडतं. व्हिडिओत मागे-पुढे सरकवत बसावं लागतं. सॉफ्टवेअरचा मेनू बदलला तर पुस्तिकेत एखादं चित्र बदलून भागतं, रेकॉर्डिंग बहुधा पुन्हा करावं लागतं. इंटरनेट कमजोर असेल तर बोलायलाच नको.

एका बाबतीत पुस्तिका स्पर्धेतच नाही: विद्यार्थ्याचा निबंध पडद्यावर उघडून, त्या-त्या ओळीवर बोट ठेवत दिलेला बोलका अभिप्राय. समासातल्या तुटक शेऱ्यांपेक्षा त्यात ‘इथे का खटकलं’ हे कितीतरी नीट सांगता येतं.