काउनासचे झाल्गिरिओ अरेना: पाहुण्या प्रेक्षकाच्या बाजूने

युरोपातील क्लब बास्केटबॉल प्रत्यक्ष पाहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी, असे जर्मनीतील मराठी मित्रमंडळी विचारतात, तेव्हा मी माद्रिद, अथेन्स किंवा इस्तंबूलचे नाव घेत नाही. मी लिथुआनियातील काउनासचे नाव घेतो. जेमतेम तीन लाख वस्तीचे हे शहर, तेथील झाल्गिरिस हा क्लब आणि नेमुनास नदीतील बेटावर उभे असलेले त्याचे झाल्गिरिओ अरेना, या तिघांचा मिळून जो अनुभव एका तिकिटात मिळतो, त्याचे हे परीक्षण आहे. त्यात हिशेबाचा भाग बराच येईल, कारण प्रेक्षकाला मिळणारी वागणूक आणि क्लबच्या तिजोरीची अवस्था यांचा या खेळात फार जवळचा संबंध आहे, आणि तो काउनासइतका स्पष्ट मला अन्यत्र कोठे दिसलेला नाही.

मी बर्लिनच्या अल्बा संघाचा पाठीराखा आहे. अल्बा युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, खेळत होता तोवर त्याच्या मागे पिवळे-निळे मफलर गुंडाळून परगावी जाणाऱ्यांत मी असे, आणि काउनासलाही पहिल्यांदा गेलो तो पाहुण्या संघाचा प्रेक्षक म्हणूनच. हे मुद्दाम सांगतो, कारण घरच्या प्रेक्षकाची बडदास्त कोणताही क्लब ठेवतो. ज्याला पुन्हा यायची सक्ती नाही आणि जो विरोधी संघासाठी ओरडणार आहे, अशा माणसासाठी किती केले जाते हे पाहिले की त्या क्लबची वृत्ती कळते.

अरेना २०११ मध्ये, त्या वर्षीच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी, बांधून झाले. बास्केटबॉलच्या सामन्याला त्यात पंधरा हजारांहून थोडे अधिक लोक बसतात. म्हणजे हॉल भरलेला असतो त्या रात्री शहरातील दर वीस माणसांमागे साधारण एका माणसाइतकी गर्दी तेथे जमलेली असते. लाइस्वेस आलेया या पादचारी रस्त्यावरून संध्याकाळी निघालेली हिरव्या-पांढऱ्या मफलरांची रांग नदीकडे सरकू लागते आणि आपण तिच्याबरोबर चालत पुलावरून बेटावर पोहोचतो. वाट विचारावी लागत नाही. वाटेतल्या कोणत्याही खानावळीत केप्टा दुओना मिळते. काळ्या राईच्या पावाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या तेलात तळतात, गरम असतानाच त्यांना लसूण चोळतात आणि वरून चीजचा दाट सॉस ओततात. कडेला कुरकुरीत आणि मध्ये किंचित चिवट असा हा पदार्थ शाकाहारी माणसाला लिथुआनियात मोठा आधार आहे, आणि लसणाचा हात इतका सढळ असतो की मराठी जिभेला तो लगेच आपला वाटतो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की हा हॉल खेळ पाहण्यासाठी बांधलेला आहे. आसनांची चढण तीव्र असल्यामुळे वरच्या रांगांतूनही बचावाची मांडणी दिसते. कोण कोणाला अडवण्यासाठी सरकला, खालच्या कोपऱ्यात कोण मोकळा सुटला, हे चेंडू तिकडे जाण्याच्या आधी कळते. पाहुण्यांचा विभाग, युरोपात सर्वत्र असतो तसा, लहान आणि वरच्या कोपऱ्यात आहे, परंतु तेथून दोन्ही बास्केट पूर्ण दिसतात. दुसऱ्या एका देशातील एका हॉलमध्ये, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, आम्हाला जाळीमागे बसवले होते, अर्धे मैदान स्कोअरबोर्डच्या चौकटीआड होते आणि सामना संपल्यावर हॉल रिकामा झाला तरी बराच वेळ आम्हाला कोंडून ठेवले होते. काउनासमध्ये मध्यंतराला आम्ही यजमान चाहत्यांच्याच रांगेत बिअरसाठी उभे होतो आणि पुढचे वयस्कर गृहस्थ आमच्या मफलरकडे पाहून अल्बाच्या तरुण बचावपटूचे पाय किती चपळ आहेत, हे हातवारे करून सांगत होते.

ही जाण वरवरची नाही. १९३९ मध्ये याच शहरात युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिच्यासाठी बांधलेल्या हॉलमध्ये लिथुआनियाने लाटव्हियाला ३७–३६ असे एका गुणाने हरवले आणि विजेतेपद राखले. पुढच्याच वर्षी देशाचे स्वातंत्र्य गेले. सोव्हिएत काळात झाल्गिरिस आणि मॉस्कोचा लष्करी संघ यांच्यातील लढती केवळ खेळाच्या राहिल्या नाहीत, आणि आर्विदास सबोनिस हा खेळाडू असलेल्या झाल्गिरिसने १९८५, १९८६ व १९८७ अशी सलग तीन वर्षे त्या संघाला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद जिंकले, तेव्हा उघडपणे बोलता न येणारे बरेच काही त्या विजयातून बोलले गेले. १९९९ मध्ये स्वतंत्र लिथुआनियाचा क्लब म्हणून झाल्गिरिसने म्युनिकमध्ये युरोपीय विजेतेपद मिळवले. पंधरा हजार माणसे एका आवाजात क्लबच्या नावाची अक्षरे सुटी करून म्हणतात, तेव्हा हा सगळा इतिहास त्या आवाजात असतो. विरोधी संघाच्या फ्री थ्रोच्या वेळी शिट्ट्या कान बधिर करतात. पण पाहुण्या खेळाडूने अवघड बास्केट मारली तर टाळ्याही मिळतात, आणि त्या मी स्वतः ऐकल्या आहेत.

आता पैशाकडे येतो. युरोपातील अव्वल क्लब बास्केटबॉल प्रामुख्याने कोणाच्या तरी पदरमोडीवर चालते. माद्रिद आणि बार्सिलोनाच्या बास्केटबॉल संघांची तूट त्यांचे फुटबॉल भरून काढते. अथेन्सच्या दोन मोठ्या संघांमागे औषधनिर्मिती आणि पोलाद या उद्योगांतील घराणी आहेत, मिलानच्या संघाला फॅशन उद्योगातील आर्मानी यांनी वर्षानुवर्षे सांभाळले, इस्तंबूलच्या एफेसमागे मद्यनिर्मितीतून वाढलेला उद्योगसमूह आहे. आयपीएलमध्ये प्रक्षेपण हक्कांच्या मध्यवर्ती रकमेतून प्रत्येक संघाला मोठा वाटा मिळतो आणि मैदान रिकामे राहिले तरी खर्चाची तोंडमिळवणी होते; युरोलीगमध्ये दूरचित्रवाणीचे उत्पन्न डझनभर देशांच्या छोट्या-मोठ्या बाजारांत विखुरलेले आहे आणि खेळाडूंच्या पगाराला ते पुरत नाही. त्यामुळे आश्रयदात्याचे मन फिरले किंवा त्याचा धंदा बसला की क्लबही बसतो. बेनेटन घराण्याने २०१२ मध्ये हात काढून घेतल्यावर त्रेविझोचा नामांकित संघ अव्वल श्रेणीतून नाहीसा झाला. इटलीतच सिएनाचा संघ स्थानिक बँकेच्या पैशावर वर्षानुवर्षे विजेतेपदे मिळवत होता. ती बँक संकटात सापडली आणि २०१४ मध्ये क्लबचे दिवाळे निघाले.

झाल्गिरिस याच वाटेने जाणार होता. व्लादिमिर रोमानोव्ह या बँकमालकाने २००९ मध्ये क्लब घेतला, मनाला येईल तसे प्रशिक्षक बदलले आणि मोठे करार केले. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची उकिओ बँक बंद पडली, तेव्हा क्लबच्या डोक्यावर कर्ज आणि थकलेली देणी एवढेच उरले. तेथून क्लब पुन्हा उभा राहिला तो नवा धनिक शोधून नव्हे. पाउलियस मोतिएयुनास यांच्या व्यवस्थापनाने खर्च उत्पन्नाच्या आत आणला आणि अरेनालाच क्लबचा व्यवसाय बनवले. ही वास्तू नगरपालिकेची आहे, पण तिचा कारभार क्लबच्या समूहाकडे आहे. त्यामुळे बास्केटबॉल नसलेल्या रात्री तेथे होणारा संगीताचा कार्यक्रम, खासगी कक्षांचे भाडे, खाद्यपेयांची विक्री आणि जाहिरातींचे फलक, या सगळ्यांतून येणारा पैसा क्लबच्या हिशेबात जमा होतो. २०१८ मध्ये शारुनास यासिकेविचियसच्या प्रशिक्षणाखाली हाच संघ बेलग्रेडच्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे युरोलीगच्या शेवटच्या चार संघांच्या फेरीपर्यंत, पोहोचला आणि मॉस्कोच्या संघाला हरवून तिसरा आला, तोही युरोलीगमधील लहान बजेटच्या संघांपैकी एक असताना. त्या वेळी हजारो लिथुआनियन चाहते बेलग्रेडला गेले होते. मोतिएयुनास पुढे २०२३ मध्ये युरोलीगचेच मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, ही त्या कामाची पावतीच मानावी लागेल.

बर्लिनशी तुलना करताना मला वाईट वाटते, परंतु ती टाळता येत नाही. अल्बाचे व्यवस्थापन प्रामाणिक आहे, तरुण खेळाडू घडवण्यात जर्मनीत त्याचा दबदबा आहे आणि शहर काउनासच्या दहापटीहून मोठे आहे. मात्र ज्या हॉलमध्ये अल्बा खेळतो तो एका अमेरिकी मनोरंजन कंपनीच्या मालकीचा आहे आणि क्लब तेथे भाडेकरू आहे. युरोलीगच्या अखेरच्या दोन हंगामांत संघ तळाला राहिला, आणि २०२५ मध्ये क्लबने ती स्पर्धा सोडून फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जाण्याचा निर्णय घेतला. पाठीराखा म्हणून तो मला लागला, पण न परवडणारे पगार देऊन कर्जात बुडण्यापेक्षा तो शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे.

नुसती गर्दी असली की भागते, असाही याचा अर्थ नव्हे. बेलग्रेडमध्ये पार्तिझान आणि त्स्र्वेना झ्वेझ्दा यांच्या मोठ्या सामन्यांना वीस हजारांच्या आसपास लोक येतात, तो आवाज युरोपात कोठेही ऐकायला मिळणार नाही, आणि तरीही हे दोन्ही क्लब पुन्हा पुन्हा पैशाच्या ओढाताणीत सापडलेले आहेत. काउनासमध्ये गर्दीच्या जोडीला हॉलचा ताबा आहे आणि खर्चाची शिस्त आहे. तिन्ही एकत्र आल्यामुळेच प्रेक्षक तेथे खरा ग्राहक ठरतो. मालकाच्या पैशावर चालणाऱ्या क्लबला प्रेक्षक शोभेपुरता असला तरी चालतो. झाल्गिरिसला तो नाराज होऊन चालणार नाही, आणि हे रांगेत, आसनावर, दारावरच्या माणसाच्या बोलण्यात जाणवते.

माझी नाराजी आहे ती युरोलीगवर. २०२५–२६ च्या हंगामापासून संघ वीस झाले आणि साखळीतील सामने प्रत्येकी अडतीस. ते मंगळवार ते शुक्रवार या दिवसांत खेळवले जातात, कारण शनिवार-रविवार देशांतर्गत लीगसाठी राखलेले असतात, आणि काही आठवड्यांत दोन-दोन फेऱ्या असतात. नोकरी करणाऱ्या माणसाने गुरुवारच्या रात्रीच्या सामन्यासाठी दोन देश ओलांडून जायचे तर रजा, विमान आणि हॉटेल असा तिहेरी खर्च येतो. सामने वाढले की तिकिटांचे उत्पन्न वाढते हे खरे, पण खेळाडू थकतात, प्रत्येक सामन्याचे मोल घटते आणि सर्वांत आधी गळतो तो प्रवास करणारा चाहता.

फायनल फोरचेही तसेच. २०२३ मध्ये ती काउनासला झाली. अंतिम सामन्यात सर्जिओ युल्यने शेवटच्या काही सेकंदांत मारलेल्या बास्केटने रेआल माद्रिदने ऑलिंपियाकोसला ७९–७८ असे हरवले, आणि हजारोंनी आलेल्या ग्रीक चाहत्यांवर एका क्षणात शांतता पसरली. झाल्गिरिस त्या फेरीत नव्हता, तरी शहर दिवसरात्र बास्केटबॉलमध्ये बुडालेले होते. दोन वर्षांनी हीच स्पर्धा अबूधाबीला नेली. यजमानपदाचे पैसे चांगले मिळाले असतील आणि तेथील मराठी मंडळींना घरबसल्या उत्तम बास्केटबॉल पाहता आले याचा मला आनंदच आहे. परंतु पनाथिनाइकोस, ऑलिंपियाकोस आणि फेनरबाचे हे युरोपातील सर्वाधिक प्रवास करणारे चाहते असलेले तीन संघ पात्र ठरलेले असताना त्यांना दुसऱ्या खंडात बोलावणे, हा त्या चाहत्यांवर अन्याय होता.

अमेरिकेतील एनबीए ही लीग आणि फिबा युरोपात नवी लीग उभारण्याच्या हालचाली २०२५ पासून उघडपणे करत आहेत आणि त्यांची नजर मोठ्या लोकसंख्येच्या, श्रीमंत शहरांवर आहे. तीन लाखांचे काउनास त्या नकाशावर कोठे बसेल हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण प्रेक्षकाच्या जोरावर चालून दाखवलेला संघच बाहेर राहिला तर त्या लीगने युरोपातले काय घेतले, हे मला कळणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. काउनासला स्वस्त विमानसेवा येतात. तारीख जुळली नाही तर विल्नियसला उतरावे, तेथून शंभर किलोमीटरचे अंतर रेल्वेने किंवा बसने सहज कापता येते. जानेवारी-फेब्रुवारीत बेटावर नदीवरून येणारा वारा हाडांत शिरतो, तेव्हा जाड जाकीट आणि टोपी हवीच. आसनांचा मोठा भाग हंगामी पासधारकांकडे असल्याने माद्रिद, अथेन्स किंवा इस्तंबूलचे संघ येणार असतील तर तिकिटे लवकर संपतात; पहिल्या भेटीसाठी मधल्या फळीतील एखाद्या संघाचा सामना निवडावा, बास्केटच्या मागे न बसता लांब बाजूची वरची रांग घ्यावी आणि तिकीट क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावे.