ट्विन वेबरवर ट्रम्पेट लांब घालायचे की आखूड?

चवथ झाली की आमच्या फोंड्याच्या गॅरेजात दरवर्षी हीच चर्चा, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) तोंडावर लावायची कर्ण्यासारखी नळी, म्हणजे ट्रम्पेट, केवढी घालायची, कारण पाऊस सरत आलेला असतो आणि गाडी ट्रेलरवर घालून कोइमतूरच्या रेस ट्रॅकला न्यायचे बेत चालू असतात. यंदा मडगावच्या दोस्ताने सरळच विचारलं, "रे बाबा, ट्रम्पेट लांब घेऊ की आखूड, एकच काय ते सांग." त्याची नि माझी गाडी जवळपास सारखीच, जुनी फोर्ड एस्कॉर्ट, १६०० सीसीचं केंट क्रॉसफ्लो इंजिन, त्यावर वेबर कंपनीचे दोन ४० डीसीओई कार्ब. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. लांबी म्हणजे नुसता ट्रम्पेट नाही, वाल्वच्या सीटपासून मोजायचं, म्हणजे हेडमधला पोर्ट (हवा आत जायची वाट), मग मेनिफोल्ड (हेड आणि कार्ब जोडणारी नळी), मग कार्ब आणि शेवटी ट्रम्पेट. माझ्या गाडीत कार्बच्या तोंडापर्यंत ३०० मिलिमीटर भरलं, म्हणजे २६ चा आखूड ट्रम्पेट लावला तर ३२६ आणि ९० चा लांब लावला तर ३९०. पिस्टन खाली जाताना जी खेच बसते तिची लाट आवाजाच्या वेगाने बाहेर जाते, उघड्या तोंडावर उलटते आणि दाबाची लाट होऊन परत येते, अशा दोनचार खेपा होतात, आणि त्यातली एखादी इनटेक वाल्व मिटायच्या जरा आधी पोचली तर ती जाता जाता थोडं जास्तीचं मिश्रण आत ढकलून देते. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ डिग्री फिरतो, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी दार बंद. नळी लांब म्हणजे लाटेला वेळ जास्त, म्हणून फायदा खालच्या आरपीएमला, आखूड म्हणजे वरच्या. नुसतं गुणोत्तर धरलं तर ३२६ ला जी गंमत ७००० ला मिळते ती ३९० ला ५८५० च्या आसपास येते. कागदावर हां, कॅम (वाल्व उघडणारा दांडा) आणि हेड तेच असल्यामुळे खऱ्या गाडीत एवढं सरकत नाही.

क्रायस्लरने १९६० च्या ३००एफ मध्ये हेच केलेलं, ४१३ क्यूबिक इंचाचं व्ही-८, दोन फोर बॅरल (चार तोंडांचे) कार्ब, आणि मेनिफोल्डच्या नळ्या तब्बल ३० इंच लांब. ताकद ३७५ हॉर्सपॉवर, पण टॉर्कचं (फिरवायच्या जोराचं) शिखर अवघ्या २८०० आरपीएमला. मग ज्यांना पळवायचीच होती त्यांच्यासाठी बाहेरून तसाच दिसणारा मेनिफोल्ड आतली भिंत कापून १५ इंचाचा केला, तर ताकद ४०० झाली आणि टॉर्कचं शिखर वरच्या आरपीएमला सरकलं, शिवाय थोडं कमीही झालं. फुकट काहीच मिळत नाही.

आता तुमच्या कामाचं. पीक पॉवरचा आकडा विसरा आणि एवढंच बघा की सगळ्यात हळू वळणातून बाहेर पडताना आरपीएमची सुई कुठे असते आणि गिअर टाकल्यावर किती पडते. कोइमतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणं जवळजवळ, तिथे जुना फोर स्पीड गिअरबॉक्स असेल तर सेकंडमधून थर्ड टाकला की सुई धाडकन खाली येते आणि आखूड ट्रम्पेटवालं इंजिन तिथे झोपा काढतं, तोवर मागचा माणूस शेजारून निघून जातो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, सरळ पट्टा मोठा, तिथे क्लोज रेशो बॉक्स (गिअर टाकल्यावर सुई कमी पडते असा गिअरबॉक्स) असेल तर आखूडला अर्थ आहे. माझं मत विचाराल तर इकडच्या दहातल्या आठ गाड्यांना लांबच बरा.

लांबचा अजून एक फायदा मला उशिरा कळला. रेस कॅम (वाल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा) असला की खालच्या आरपीएमला पेट्रोलचं धुकं कार्बमधून उलटं बाहेर येतं, आखूड ट्रम्पेटला ते तोंडाबाहेर तरंगताना चक्क दिसतं, मडगार्डच्या आतला पत्रा ओला, वास, आणि बॅकफायर झाला तर आगीची भीती. लांब ट्रम्पेटमध्ये ते आतच राहतं आणि पुढच्या खेचेला परत जातं. पण तीच हवा कार्बमधून पुढेमागे होताना दरवेळी पेट्रोल उचलते, म्हणून लांबी बदलली की मेन जेट आणि एअर करेक्टर (कार्बमध्ये पेट्रोल आणि हवा मोजून सोडणारी भोकं) परत तपासा, प्लग काढून रंग बघा. लांबीत जे कमावलं ते जेटिंगमध्ये घालवणारे भरपूर बघितलेत.

इंग्लंडातले लांबीचे तक्ते जसेच्या तसे उचलू नका. १५ डिग्रीला आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, आपल्याकडे ३३ डिग्रीला ३५१, म्हणजे तीनेक टक्के जास्त, त्याच आरपीएमसाठी ३९० च्या जागी ४०२ लागतील. पेट्रोल उडताना हवा थंड करतं म्हणून मी त्यातला अर्धाच फरक धरतो.

आणि तोंडाची कड! पहिला सेट लेथवर करून घेतला तेव्हा ड्रॉइंगमध्ये मी कड सरळ कापलेली दाखवली, त्याने बरोब्बर तशीच दिली, चूक पूर्ण माझी. कड बाहेर गोल वळलेली पाहिजे, नाहीतर हवा आत शिरतानाच अडखळते. आखूड ट्रम्पेटमध्ये एवढी गोलाई बसवायलाच जागा कमी पडते, हा त्याचा तोटा कोणी बोलत नाही.

अँबेसेडरच्या बीएमसी इंजिनवाल्यांनी यात पैसे घालू नयेत. तिथे दोन सिलिंडरांना मिळून एक इनटेक पोर्ट, खेच एकसारखी नाहीच, लाटा एकमेकींत घुसतात.

लांबच घ्यायचं ठरलं तर आधी जागा बघा. तोंडासमोर निदान एका व्यासाएवढी मोकळी जागा पाहिजे, आणि आपल्याकडची लाल धूळ बघता फिल्टरशिवाय चालवूच नका, म्हणजे फिल्टरचा डबाही त्यात आला. इंजिन रबरावर डुलतं हे विसरू नका. मी घरून कणकेचा गोळा नेला, समोरच्या पत्र्याला चिकटवला, एक्सलरेटर जोरात दोनदा दाबला आणि ९० च्या ट्रम्पेटने त्यात केलेला खड्डा मोजला तर शिल्लक फक्त २२ मिलिमीटर. म्हणून सध्या माझ्या गाडीत ६५ चे आहेत.