मुरगाव की कोची : जहाजातून उतरून कमी खर्चात काढायचा दिवस

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे तिकीट काढायचे ठरले की बडोद्यातील मराठी घरांमध्ये सर्वांत जास्त चर्चा खोलीला नुसती खिडकी असावी की बाल्कनी यावर होते, आणि जहाज ज्या बंदरात दिवसभर उभे राहणार त्याचा विचार बहुधा मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत अंथरूण घालतानाच सुचतो. वास्तविक क्रम उलटा असायला हवा. जहाजावरील मुक्काम, जेवण आणि बरीचशी करमणूक यांचे पैसे आधीच भरलेले असतात. बंदरावरचा दिवस मात्र प्रवाशाने आपल्या हाताने खर्च करायचा असतो, आणि तो काही शेकड्यांत भागतो की काही हजारांत जातो, हे कोणते बंदर निवडले यावर बरेच अवलंबून असते. पश्चिम किनाऱ्यावरील फेऱ्यांमध्ये प्रामुख्याने गोव्याचे मुरगाव आणि केरळचे कोची ही दोन बंदरे समोर येतात, म्हणून येथे मुख्य तुलना त्या दोहोंची केली आहे. काही फेऱ्या दीवलाही गेल्या आहेत, परंतु बडोद्याच्या माणसाने आधी मुंबई गाठून तेथून जहाजाने दीवला जावे, हा द्राविडी प्राणायाम येथे विचारात घेतलेला नाही.

बंदरावरचा दिवस स्वस्त पडेल की महाग, हे त्या गावातील जेवणाच्या किंवा वस्तूंच्या भावांवर फारसे ठरत नाही. बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर पहिले वाहन कोणते मिळते आणि त्याचे भाडे माणशी द्यायचे की गाडीमागे, यावर ते ठरते. वेळेचा हिशेबही याच्याशीच जोडलेला आहे. जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागले आणि संध्याकाळी ५ वाजता सुटणार असले, तरी ९ तास हाती आहेत असे समजू नये. उतरण्याच्या रांगा, सुरक्षा तपासणी आणि फाटकापर्यंतचा प्रवास यांत सकाळचा एक तास सहज जातो. सुटण्याच्या वेळेपूर्वी अर्धा ते एक तास सर्वांनी जहाजावर परतलेले असावे असा नियम असतो, आणि त्याआधीचा आणखी एक तास शहाण्या माणसाने स्वतःहून सोडायचा असतो. हाती खऱ्या अर्थाने सहा तास उरतात. त्या सहांपैकी किती तास रस्त्यात जातात, हा दोन्ही बंदरांमधील मोठा फरक आहे.

मुरगाव बंदर वास्को द गामा शहराला लागून, समुद्रात शिरलेल्या भूशिराच्या टोकाशी आहे. ‘गोवा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते, त्यातील जवळजवळ काहीही तेथून चालत जाण्याजोगे नाही. पणजी सुमारे ३० किलोमीटरवर, मडगावही साधारण तेवढ्याच अंतरावर आणि जुने गोवे पणजीच्या पलीकडे आणखी ९-१० किलोमीटरवर आहे. कळंगुट-बागा यांचा विचार या एका दिवसात करूच नये. जाऊन येण्यातच दिवस संपतो. वास्कोहून पणजीला कदंब महामंडळाच्या बसगाड्या जातात आणि त्यांचे भाडे टॅक्सीच्या तुलनेत नगण्य असते. २०२२ च्या डिसेंबरात झुआरी नदीवरील नवा पूल खुला झाल्यापासून कुठ्ठाळीपाशी होणारी कोंडीही कमी झाली आहे. तथापि बंदराच्या फाटकापासून वास्कोच्या बसस्थानकापर्यंत जाणे, तेथे गाडीची वाट पाहणे, पणजीत उतरणे आणि जुने गोवे गाठायचे असल्यास पुन्हा बस बदलणे, एवढे सगळे धरले तर एका बाजूने दोन तास लागतात. सहांपैकी चार तास बसमध्ये गेले, तर वाचवलेल्या पैशांचा उपयोग काय, असा प्रश्न पडतो. त्यामुळे बसने जाणाऱ्यांनी पणजीवर समाधान मानावे. फोंतेन्हासच्या रंगीत भिंतींच्या गल्ल्या आणि मांडवीच्या काठचा रस्ता यांना एक पैसाही प्रवेशशुल्क नाही, आणि दुपारी मासळीची ताटली किंवा शाकाहारी थाळी खाऊन वेळेवर परतता येते.

चौघे असतील तर चित्र पालटते. दिवसभराची टॅक्सी गाडीमागे ठरते. दोघांना जड वाटणारी रक्कम चौघांत बरीच हलकी होते. बडोद्यात मीटरच्या रिक्षेची सवय असलेल्याला गोव्यातील टॅक्सीचा दर ऐकून प्रथम धक्का बसतो, म्हणून सांगितलेल्या भाड्यात थांबण्याचा वेळ आणि परतीचे रिकामे अंतर धरले आहे का, हे गाडीत बसण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. अशी टॅक्सी केली तर मंगेशी, जुने गोवे आणि पणजी ही फेरी होऊ शकते, आणि मराठी कुटुंबासाठी मुरगावच्या दिवसाचे खरे सार्थक मला त्यातच वाटते. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी, हे बंदराकडून जाताना वाटेवरच लागते. पोर्तुगीज राजवटीतील छळामुळे १५६० मध्ये ते दैवत तेथून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीच्या जागी, हलवण्यात आले. मंगेशीहून जुने गोवे फार दूर नाही. तेथील बॉम जेझुस बासिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. दोन्ही ठिकाणी, देवळात आणि चर्चमध्येही, खांदे व गुडघे झाकणारे कपडे अपेक्षित असतात, त्यामुळे समुद्रकिनाऱ्याच्या तयारीने निघालेल्यांची तेथे पंचाईत होते.

लहान मुले असलेल्यांसाठी मुरगावात एक तिसरा, सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, आणि तो फारसा कोणी सुचवत नाही. वास्कोहून बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. मोकळ्या मैदानात सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॅरिअर, सी हॉक अशी खरी विमाने उभी आहेत. तिकीट किरकोळ आहे आणि मुले तेथून लवकर निघत नाहीत. तेथून थोडे पुढे बोगमाळोचा छोटा, आडोशाचा किनारा लागतो. सगळे मिळून बंदरापासून १०-१२ किलोमीटरच्या आतले आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे मात्र तारखेशी पडताळून पाहावे.

आता जहाजातर्फेच विकल्या जाणाऱ्या सहलींविषयी. त्यांचा दर माणशी असतो, आणि हीच त्यांची अडचण आहे. चौघांच्या कुटुंबाला एका टॅक्सीऐवजी चार तिकिटे घ्यावी लागतात. त्यांचा एक फायदा मात्र खरा आहे. जहाजाने नेलेली बस वाटेत अडकली तर जहाज आपल्या प्रवाशांसाठी थांबते किंवा त्यांची सोय करते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. मुरगावात, जेथे ३० किलोमीटरचा रस्ता मध्ये आहे, या हमीला काही किंमत आहे. दोघेच असतील, टॅक्सीचा आकडा सहलीच्या दोन तिकिटांच्या आसपास येत असेल आणि घड्याळाकडे पाहून जीव टांगणीला लागत असेल, तर जहाजाची सहल घेण्यात काहीच गैर नाही. कोचीत मात्र मी ती घेणार नाही.

त्याचे कारण असे की कोचीत जहाजे विलिंग्डन बेटावर लागतात, आणि हे बेटच मुळी बंदरासाठी घडवलेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली खाडीचा तळ उपसून निघालेल्या मातीतून ते उभे राहिले. समोर एका बाजूला एर्नाकुलम शहर, दुसऱ्या बाजूला मट्टांचेरी आणि फोर्ट कोची, मध्ये पाणी. या पाण्यावर रोज कामाला जाणाऱ्या माणसांसाठी चालणाऱ्या सरकारी बोटी आहेत, आणि त्यांचे भाडे आपल्याकडच्या कटिंग चहाहून कमी आहे. बंदराच्या फाटकातून रिक्षाने बेटावरील बोटीच्या धक्क्यावर जावे आणि कोणती बोट कोठे जाते ते खिडकीवर विचारावे. सोयीची बोट नसेल तर आधी एर्नाकुलमच्या मुख्य धक्क्यावर जाऊन तेथून फोर्ट कोचीची बोट धरावी. शिवाय २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो आता फोर्ट कोचीपर्यंत आली असून, २०२५ च्या ऑक्टोबरात मट्टांचेरी आणि विलिंग्डन बेट येथेही तिची स्थानके उघडली आहेत. तिच्या बोटी वातानुकूलित असून तिकिटे २० रुपयांपासून सुरू होतात. थोडक्यात, फाटकाबाहेरचे पहिले स्वस्त वाहन येथे माणशी भाड्याचे आहे आणि तेच सर्वांत प्रेक्षणीयही आहे. जहाजाची सहल ज्या ‘बंदराच्या जलविहारा’चे वेगळे पैसे लावते, तो येथे दोन आकडी रकमेत होतो.

फोर्ट कोचीत उतरल्यावर पुढचे जवळजवळ सर्व पायी होते. धक्क्यापासून थोड्या अंतरावर किनाऱ्याला चिनी जाळी उभी आहेत. जाड लाकडी वाशांचा तो सांगाडा एका आडव्या खांबावर तोललेला असतो. एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे खाली बुडते, आणि थोड्या वेळाने चार-सहा जण दोर ओढू लागले की दोरांना कमी-जास्त उंचीवर बांधलेले मोठे दगड एकामागून एक खाली येत त्या वजनाला उचल देतात. पाहायला पैसे पडत नाहीत. ‘या, तुम्हीही ओढा’ असे आमंत्रण मिळाले आणि ते स्वीकारले, तर नंतर बक्षिसी अपेक्षित असते, हे आधीच जाणून मग ओढावे.

तेथून काही मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला येथेच पुरले होते आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. ज्याच्या नावाच्या शहराला लागून मुरगाव बंदर आहे त्याची रिकामी कबर कोचीत आहे. दोन्ही बंदरे घेणारी फेरी निवडणाऱ्यांना हा योग साधता येतो.

मट्टांचेरीला फोर्ट कोचीहून रिक्षाने जावे लागते. ‘शंभर रुपयांत सगळे दाखवतो’ म्हणणाऱ्या रिक्षावाल्याचा मार्ग बहुधा मसाल्याच्या आणि हस्तकलेच्या दोन-तीन दुकानांवरून जातो, तेव्हा फक्त राजवाड्यापर्यंतचे भाडे ठरवावे. हा राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ मध्ये बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून तो अगदीच साधा दिसतो. आत मात्र भिंतीभर रामायण रंगवलेले आहे. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे पाहिलेल्या बडोदेकराने येथे किमान तासभर राखून ठेवावा. रंगांची घनता, भरगच्च आकृत्या आणि मोकळी जागा जवळजवळ न सोडण्याची रीत पाहता, भिंतीवर चित्र काढण्याची किती वेगळी समज असू शकते हे तेथे समोर दिसते. या चित्रांसाठीचे तिकीट अत्यल्प आहे. जवळच १५६८ मधील ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आणि ज्यू टाउनची गल्ली आहे. वाराचा प्रश्न मात्र येथे मुरगावपेक्षा गंभीर आहे : राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी. जहाज शुक्रवारी कोचीत लागत असेल तर मट्टांचेरीचे अर्धे आकर्षण गेले असे समजून फोर्ट कोचीतच दिवस घालवावा. एक वर्षाआड डिसेंबरात कोची-मुझिरिस बिएनाले ही समकालीन कलेची प्रदर्शनमालिका सुरू होते, ती त्या वेळी चालू असली तर शुक्रवारचीही उणीव भासत नाही. २०१८ च्या बिएनालेच्या क्युरेटर अनिता दुबे आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या आहेत.

जेवणाचे म्हणाल तर साध्या हॉटेलात केळीच्या पानावरचे ‘मील्स’ पोटभर आणि स्वस्त मिळते. आणि खोबरेल तेलाचा वास ज्यांना चालत नाही अशी वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर मट्टांचेरीत गुजराती रोड नावाचा रस्ताच आहे. व्यापारासाठी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या गुजराती कुटुंबांची ती वस्ती. केरळात जाऊन गुजराती जेवण शोधणे काहींना हास्यास्पद वाटेल, पण सासूबाई उपाशी असताना मी त्यावर वाद घालणार नाही.

लक्षद्वीपची तुलना या दोहोंशी फारशी होऊ शकत नाही. तेथे जाण्यासाठी परवाना लागतो, तो जहाजाकडूनच काढला जातो. जहाज दूर नांगर टाकते आणि छोट्या बोटींतून बेटावर नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. स्वतःच्या मर्जीने हिंडून पैसे वाचवण्याला तेथे वावच नाही. पाणी सुंदर आहे, पण हिशेब जहाजाच्या हाती आहे.

एकूण खर्चात कोचीच्या विरोधात जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे समुद्रावरच्या रात्री. गोव्याची फेरी दोन-तीन रात्रींत आटोपते, कोचीच्या फेरीला जास्त रात्री लागतात, आणि त्या प्रत्येक रात्रीचे भाडे भरावे लागते. कोचीला एकेरी सोडणारी फेरी मिळाली तर हा बोजा कमी होतो, कारण ओखा-एर्नाकुलम एक्सप्रेससारखी थेट गाडी बडोद्यावरून जाते आणि परतीसाठी मुंबई गाठण्याची गरज राहत नाही. मुरगावच्या बाजूने एक सूचना खास आपल्यासाठी : गोव्यातील स्वस्त बाटल्यांचा मोह ‘बचत’ म्हणून धरू नये. जहाजावर चढताना त्या काढून घेऊन फेरीच्या शेवटी परत देतात, आणि पुढे परवान्याशिवाय गुजरातेत त्या आणणे हा गुन्हा आहे.

दोघेच निघणार असतील, चालण्याची तयारी असेल आणि जहाज रविवार ते गुरुवार या दिवसांत लागत असेल, तर मी निःसंशय कोची सुचवीन, तेही जहाजाची कोणतीही सहल न घेता. आईवडील सत्तरीच्या पुढचे असतील आणि बोटीत चढणे-उतरणे त्यांना जमणारे नसेल, तर चौघांनी मुरगावला टॅक्सी करावी, मंगेशीचे दर्शन आधी उरकावे, जुने गोवे वेळ उरल्यासच घ्यावे आणि दुपारी तीनच्या आत वास्कोच्या दिशेने गाडी वळवावी.