वाल्डॉर्फ की हेर्त्सोगेनाउराख?

पुण्यातून जर्मनीत बदली होते तेव्हा एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीतले वाल्डॉर्फला जातात, बेअरिंग बनवणाऱ्या शेफ्लरमधले हेर्त्सोगेनाउराखला. (शेफ्लर इंडियाचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे.) वाल्डॉर्फची वस्ती १५ हजारांच्या आसपास, हेर्त्सोगेनाउराखची २४ हजारांच्या. या आकड्यांवर जाऊ नका. दोन्हीकडे रोज सकाळी बाहेरगावच्या नोकरदारांचा लोंढा येतो, त्यामुळे गाव लहान असलं तरी भाडी लहान नसतात.

वाल्डॉर्फचा गाडा १९७७ पासून इथे असलेल्या एसएपीवर चालतो. जर्मन गावांचं एक मोठं उत्पन्न म्हणजे व्यवसायकर: करपात्र नफ्याचे साडेतीन टक्के, गुणिले नगरपालिकेचा गुणांक. गुणांक ३०० टक्के असेल तर १०० युरोंवर साडेदहा युरो. नफा घसरला की कर घटतोच, शिवाय आगाऊ हप्त्यांतली जादा रक्कम परत द्यावी लागते. एकाच बड्या करदात्यावर विसंबलेलं अंदाजपत्रक असंच कोलमडतं.

हेर्त्सोगेनाउराखचा पाया रुंद आहे: शेफ्लर (१९४६), प्यूमा (१९४८), आदिदास (१९४९). बुटांची आणि बेअरिंगची मंदी एकदमच येईल असं नाही. १९९२ मध्ये अमेरिकी लष्कर गेलं, तळाची जागा मोकळी झाली; तिथे आदिदासचं आवार आणि नवी घरं उभी राहिली. तरी गाफील राहू नका, शेफ्लरने नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपात ४,७०० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलंच.

खरी गोची प्रवासाची. हेर्त्सोगेनाउराखची प्रवासी रेल्वे १९८४ मध्ये बंद झाली. रेल्वेसाठी जवळच्या एर्लांगेनला बसने जायचं. न्युर्नबर्गहून येणारी ट्राम अजून व्हायची आहे. म्हणजे गाडी हवी, आणि भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यावर सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. वाल्डॉर्फचं स्टेशन गावाबाहेर, वीसलॉखच्या वाटेवर असलं तरी लोकल हायडेलबर्गला पाव तासात पोचवते. जोडीदारालाही नोकरी शोधायची असेल तर मी वाल्डॉर्फच म्हणेन. मेकॅनिकल इंजिनिअर असाल आणि गाडी चालवायची तयारी असेल, तर हेर्त्सोगेनाउराख.

घर कुठेही घ्या, जाहिरातीतल्या 'काल्टमीटे'त (म्हणजे मूळ भाड्यात) हीटिंग आणि पाणी धरलेलं नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी. स्वयंपाकघरात बरेचदा ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून डोकावणारा नळाचा पाइप तेवढा. आधीचा भाडेकरू किचन विकणार आहे का आणि केवढ्याला, हे सही करण्याआधीच विचारा.