शेंद्र्याच्या कडेला ऑफिस: काचेची तीन मजली इमारत की चौकाची बैठी?

एका बाजूला पत्र्याच्या शेड, कंटेनर आणि जनरेटर. दुसऱ्या बाजूला कपाशी, तूर आणि बांधावरचा लिंब. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या कडेने, करमाड-लाडगावच्या शिवाराला लागून अशा जागा आहेत. तिथे कंपनीचं ऑफिस बांधायचं तर सहसा दोन आराखडे समोर येतात. एक तीन मजली, शेताकडे काचेची भिंत, पूर्ण एसी. दुसरा जुन्या वाड्यासारखा, बैठा: मधे चौक, भोवती ओसरी आणि खोल्या.

समजा काम ९०० चौरस मीटरचं आहे आणि माणसं ५०. पहिल्या आराखड्यात ते ३०० च्या तीन मजल्यांत बसतं. दुसऱ्यात ९०० जमिनीवरच लागतात, चौक वेगळा. प्लॉट अर्ध्या एकराहून लहान असेल आणि गाड्याही आतच लावायच्या असतील, तर तीन मजलीच घ्या. पुढचं वाचा ते काच किती आणि कुठे ठेवायची एवढ्यासाठी.

शेत कोणत्या दिशेला आहे?

काचेच्या आराखड्याचं सगळं यावरच ठरतं, आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं. आपण साधारण १९.९ उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, डिसेंबरात दुपारी दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर. म्हणून दक्षिणेच्या काचेला चांगला रुंद छज्जा दिला की उन्हाळ्याचं ऊन आत येत नाही. शेत उत्तरेला असेल तर तुम्ही नशीबवान: जून-जुलैच्या सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं सोडली तर उत्तरेचा उजेड वर्षभर थंड आणि सारखा मिळतो. तिथे मोकळ्या मनाने काच लावा.

पूर्व-पश्चिमेचं तसं नाही. तिकडून ऊन आडवं येतं, छज्जा कितीही पुढे काढला तरी खालून आत शिरतं. पश्चिमेला शेत आणि पश्चिमेलाच काच, अशी इमारत मी एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आतून पाहिली आहे. सगळे पडदे ओढलेले, दिवे लावलेले, एसी पूर्ण जोरात. ज्या शेतासाठी काचेवर खर्च केला ते कुणालाच दिसत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण जागा खरोखर सुंदर होती. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेने १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या विजेच्या उपकरणांचा मिळून भार) व्यापारी इमारतींना खिडक्यांचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलं होतं. तुमची इमारत त्यापेक्षा लहान असली तरी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

चौकाच्या इमारतीला दिशेची एवढी भीती नाही, कारण तिच्या मोठ्या खिडक्या आत उघडतात. कारखान्याकडची बाजू जवळजवळ बंद ठेवता येते: जिना नाहीच, पण स्वच्छतागृहं, रेकॉर्ड रूम, सर्व्हर तिकडे ढकलायचे. आवाज आणि ऊन दोन्ही त्यांनी अडवायचं. दारातल्या ढाळजेत, म्हणजे प्रवेशाजवळच्या ओसरीत, पाहुणे बसतील.

छत आणि पाया: इथे बैठी इमारत मागे पडते

सूर्य डोक्यावर आला की भिंतीपेक्षा छत तापतं, आणि बैठ्या इमारतीला छत तिप्पट. विटकोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा मोझॅक हा जुना उपाय आजही चालतो. सोलर पॅनल उंचावर लावले तर त्यांची सावलीही मिळते. शहरातल्या पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात उन्हाळ्यात उभं राहून पाहा, डोक्यावर ऊन न पोचण्याचा फरक अंगाला कळतो. पण छताचा खर्च वाचवून चौकाची इमारत बांधायची असेल तर बांधू नका.

पायाबाबत बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. काळ्या मातीत हलकी इमारत जास्त त्रास देते. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरून वजन कमी असलं की ती जोतं (प्लिंथ) उचलते आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. मुरूम थोड्याच खोलीवर असेल तर काळी माती पूर्ण काढा, नसेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला फुगवटा असलेले जमिनीतले खोल खांब घ्या. चौकातलं झाडही भिंतीला चिकटून लावू नका, मुळं पाणी ओढतात आणि माती तिथेच जास्त आकसते.

आणि जाड दगडी भिंत म्हटलं की मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ आठवणारच. किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं, म्हणजे मातीची छतं, भूकंपात माणसांवर कोसळली. त्यामुळे वाड्याची रचना घ्या, वाड्याचं बांधकाम नको. सांगाडा आरसीसीचा, दगड हवाच असेल तर तो सांगाड्याला नीट बांधून.

पाणी आणि धूळ

७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तर ९०० चौरस मीटर छतावरून सुमारे ५ लाख लिटर पाणी मिळतं, ३०० वरून १ लाख ७० हजारांच्या आत. ऑफिसला माणशी रोज ४५ लिटर हे नेहमीचं प्रमाण. ५० माणसांना दिवसाला सव्वादोन हजार. म्हणजे बैठ्या छताचं पाणी दोनशेहून जास्त दिवस पुरेल एवढं. सगळं साठवणं परवडणार नाही, पण लाखभर लिटरची टाकी करून उरलेलं गाळून बोअरमध्ये सोडता येतं. २०१६ मध्ये जायकवाडीच्या पाण्यात उद्योगांना कपात सोसावी लागली होती, ते विसरू नका.

धुळीच्या बाबतीत मात्र बंद काचेची इमारत सरळ जिंकते. शेजारी रसायनाचा कारखाना असेल आणि तो पश्चिमेला असेल, तर पावसाळी वाऱ्यात त्याचा वास थेट चौकात उतरतो. अशा जागी मी चौक सुचवणार नाही.

माझं मत

जागा पुरेशी आणि शेजार बरा असेल तर मी चौकाचीच इमारत बांधीन. कारण शेत तुमचं नाही. आज सातबाऱ्यावर जिरायत आहे; उद्या वसाहतीचा पुढचा टप्पा आला की तिथेही शेड उभी राहील. मग काचेच्या भिंतीसमोर पत्रा येईल. चौकातला लिंब मात्र तुमच्याच हद्दीत असेल. शेताकडे दोन-तीन मोठ्या खिडक्या आणि एक लांब ओसरी ठेवा, जेवणाची सुट्टी तिथे होऊ द्या. शेत आहे तोवर त्याचा आनंद घ्या.

दोन्ही आराखड्यांत एक गोष्ट नकाशावर आधी आखून घ्या. फरशी आणि डांबर टाकल्यावर प्लॉटवरचं पाणी पूर्वीसारखं मुरणार नाही, ते उतार बघून शेजारच्या कपाशीत जाईल. चर नाल्यापर्यंत स्वतःच्या खर्चाने काढा, आणि शिवरस्ता जितका रुंद होता तितकाच राहू द्या. सोयाबीनची मळणी आली की त्याच रस्त्याने यंत्र जातं.