३ किलोवॅट सोलर, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू (पुणे)

पॅनल मस्त आहेत, बसवणाऱ्यांना मात्र ३ स्टार. सर्व्हेला आले मे महिन्यात, भर दुपारी. तेव्हा पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर, १३ मेच्या आसपास तर सावली पायाखालीच गायब होते, त्यामुळे दक्षिणेकडच्या पाण्याच्या टाकीची सावली कोणाला दिसणार?

डिसेंबरात कळलं. तेव्हा भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशावर, म्हणजे पाच फूट उंच टाकीची सावली साडेचार फूट लांब, थेट खालच्या दोन पॅनलवर! ॲपमध्ये युनिट बघून आधी वाटलं इन्व्हर्टरच गेला. फोन केला तर म्हणे "सर, थंडीत कमीच येतं". अहो, दिवस लहान असतो मान्य, पण आकाश स्वच्छ, पॅनल थंड, आणि १८-१९ अंश दक्षिणेला तिरके लावलेत ते कशासाठी? खरी बोंब जुलै-ऑगस्टमध्ये असते, ढगांमुळे. शेवटी तीन चकरा मारून स्ट्रक्चर मागे सरकवलं, पैसे नाही घेतले हे खरं.

आता वर्षाची सरासरी रोज १२ युनिट पडते. बसवणार असाल तर सर्व्हे डिसेंबरात करून घ्या, सकाळी नऊला.